तिसरी खेप: पिऊन गाडी चालवणाऱ्या एका माणसाच्या पुनर्वसनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

विलास 46 वर्षांचा. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही. मोठ्या इमारतींमधल्या वीजयंत्रणेच्या देखभालीचं काम करायचा आणि रोज तीन-चार ठिकाणी स्वतःच गाडी घेऊन जायचा. हाताला कौशल्य, वेळेला पक्का, मालकाचा लाडका. पिऊन गाडी चालवताना तो पहिल्यांदा 38व्या वर्षी सापडला, तेव्हा दंड भरून सुटला. 42व्या वर्षी पुन्हा सापडला. त्या वेळी सहा महिने परवाना गेला आणि आठ बैठकांचा जनजागृती वर्ग करावा लागला. वर्गाला एकही खाडा न करता त्याने प्रमाणपत्र मिळवलं.

तिसऱ्या खेपेला सकाळचे आठ वाजले होते. कामावर जाताना गाडी दुभाजकावर चढली. इतर कुणाला लागलं नाही. पोलिसांना तो शपथेवर सांगत होता, "आज थेंबही घेतलेला नाही." ते खरंही होतं. शेवटचा पेला रात्री दोनला रिकामा झाला होता. तरीही रक्तात 100 मिलिलिटरला 90 मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं.

या आकड्यावर थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं इथूनच उलगडत गेलं. शरीर तासाला साधारण 15 ते 20 मिलिग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. ना कॉफीने तो वेग वाढतो, ना गार पाण्याच्या अंघोळीने. सहा तास मागे मोजत गेलं, तर रात्री दोनला त्याच्या रक्तात 180 ते 210 मिलिग्रॅम असणार. एवढ्यावर सवय नसलेला माणूस धड उभाही राहू शकत नाही. विलासने मात्र त्या अवस्थेत दाराला आतून कडी घातली होती, मोबाइल चार्जिंगला लावला होता आणि सकाळचा गजरही लावला होता. "मला चढत नाही" असं तो अभिमानाने सांगायचा. चढत नाही म्हणजे मेंदू त्या प्रमाणाला सरावला आहे, आणि सरावलेल्या मेंदूची दारू एकाएकी तोडली तर तो बंड करतो.

समस्या

न्यायालयाला सोडवायचा होता रस्त्याचा प्रश्न: हा माणूस चौथ्यांदा सापडू नये, आणि त्याआधी कुणाचा जीव जाऊ नये. शिक्षा, परवाना, वर्ग अशी सगळी व्यवस्था त्या प्रश्नाभोवतीच बांधलेली होती. आमच्या कार्यक्रमाकडे तो 'तिसरा गुन्हा, मध्यम धोका' अशा शेऱ्यासह आला. मध्यम कशावरून? चार वर्षांपूर्वीच्या वर्गात भरलेल्या प्रश्नावलीवरून.

ती प्रश्नावली म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट'. दहा प्रश्न, शून्य ते 40 गुण. आठच्या पुढे काळजीचं कारण मानतात आणि 20च्या पुढे गेलं की व्यसनाधीनतेची नीट तपासणी करतात. वर्गात विलासला सहा गुण पडले होते. आमच्या समुपदेशक बाईंनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली, पण आधी एक कागद समोर ठेवला. यातलं काय न्यायालयात जाणार आणि काय जाणार नाही, हे त्यावर लिहिलेलं होतं. हजेरी, श्वासतपासणीचे निकाल आणि गाडीबाबत झालेला नियमभंग जाणार. दारू किती, केव्हापासून, घरात काय चालतं, झोप कशी आहे, यातलं काही जाणार नाही. या वेळी गुण आले 28. चार वर्षांत तो एवढा घसरला होता असं मला वाटत नाही. उत्तराने परवाना जाऊ शकतो हे कळल्यावर कुणीही सहाच गुण मिळवेल.

नंतर हळूहळू बाकीचं बाहेर आलं. सकाळी हात थरथरायचे म्हणून कामावर जाण्याआधी उतारा घ्यावा लागे. दोन वर्षांपूर्वी तापाने अंथरुणाला खिळला असताना दोन दिवस दारू मिळाली नाही आणि तो आकडी येऊन पडला. घरात ते 'तापातली चक्कर' म्हणून विसरलंही गेलं होतं. छातीच्या एक्स-रेत तीन बरगड्यांची जुनी, भरून आलेली मोड दिसली. कधी मोडल्या, त्याला आठवेना.

रक्ताच्या तपासण्यांनी चित्र पुरं केलं. एएसटी आणि एएलटी ही यकृतातली एन्झाइमं अनुक्रमे 142 आणि 61. पहिला आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त असणं ही दारूने दुखावलेल्या यकृताची नेहमीची खूण. जीजीटी हे तिसरं एन्झाइम 410, खूपच वाढलेलं. लाल पेशींचं आकारमान, म्हणजे एमसीव्ही, 104, नेहमीपेक्षा जास्त. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट 1,12,000, कमी. रक्तदाब 158/98. पायाच्या बोटांना मुंग्या येत होत्या, त्याचं खापर तो बुटांवर फोडायचा.

थोडक्यात, आमच्यासमोर दोन फाइली होत्या. पहिली गाडीची. ती जाड होती आणि तिच्यावर तारखा पडत होत्या. दुसरी शरीराची, आणि ती अजून कुणी उघडलेली नव्हती. वारंवार पिऊन गाडी चालवणाऱ्यांवरच्या पाहणीत पुन्हा पुन्हा दिसतं, की त्यांच्यात अपघाताखेरीज यकृत, हृदय, इजा आणि आत्महत्या यांनी होणारे मृत्यूही इतरांपेक्षा जास्त असतात. पोलिसांच्या हाती लागणारा माणूस बऱ्याचदा कधीच डॉक्टरकडे गेलेला नसतो. त्याच्या आजाराची पहिली नोंद होते ती रस्त्यावर.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ तुरुंगाचा, एक महिन्याचा. सरकारी वकिलांचा आग्रह याच्यासाठीच होता आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण आकडीचा इतिहास असलेल्या माणसाला अटकेच्या दिवशीच कोठडीत टाकणं म्हणजे कोठडीतच आणीबाणी ओढवून घेणं. दारू तुटल्यावर साधारण सहा ते 48 तासांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास डेलिरियम ट्रेमेन्सचा धोका असतो. त्यात माणसाला भास होतात, अंग तापतं, नाडी सुसाट धावते आणि उपचार नसले तर जीवही जाऊ शकतो.

दुसरा पर्याय म्हणजे मागच्यापेक्षा लांब वर्ग आणि गाडीला इंटरलॉक. इंटरलॉक हे गाडी सुरू करण्याआधी फुंकायला लावणारं यंत्र. ठरावीक पातळीच्या वर अल्कोहोल निघालं तर इंजिन सुरूच होत नाही, आणि चालत्या गाडीतही ते मधूनच पुन्हा फुंकायला सांगतं. जोवर बसवलेलं आहे तोवर ते चांगलं काम करतं, याला भक्कम पुरावा आहे. काढल्यावर मात्र परिणाम ओसरतो, यालाही तेवढाच. वर्गांच्या परिणामकारकतेबद्दल 1995 साली 215 अभ्यास एकत्र तपासले गेले होते. त्यात पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण उपचार-कार्यक्रमांमुळे सात ते नऊ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. शिक्षण, मानसोपचार आणि नंतरचा पाठपुरावा एकत्र असेल तिथे परिणाम जास्त होता. नुसत्या व्याख्यानांवर विसंबण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि विलास एका वर्गातून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेला माणूस होता.

तिसरा, निवासी व्यसनमुक्ती केंद्रात काही आठवडे. विलासच्या पत्नीला हाच हवा होता. "काही दिवस तरी मला रात्री झोप लागेल," त्या म्हणाल्या. आम्ही नाही म्हणालो त्याचं कारण नोकरी. मालक एक आठवडा रजा द्यायला तयार होता, त्याहून जास्त नाही. नोकरी गेली असती तर सकाळी उठण्याचं कारणच गेलं असतं. या निर्णयाबद्दल आमच्यात एकमत नव्हतं, आजही नाही.

चौथा पर्याय या सगळ्यांचे तुकडे जोडून केलेला. आधी रुग्णालयात सुरक्षितपणे दारू तोडायची, मग बाह्यरुग्ण उपचार, औषध आणि वैयक्तिक समुपदेशन, आणि दोन महिने धड गेले तर इंटरलॉक बसवून सशर्त परवाना. एकूण मुदत दोन वर्षं. न्यायालयाने हा मान्य केला.

केलेली कृती: पहिले तीन महिने

रुग्णालयात तो सहा दिवस होता. यकृत दुखावलेलं असल्याने थरथर आणि आकडी आवरायला डॉक्टरांनी लोराझेपाम निवडलं, कारण अशा यकृतावर त्याचा भार कमी पडतो. ग्लुकोज देण्याआधी थायमिनची इंजेक्शनं दिली. हा क्रम महत्त्वाचा. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-1 जीवनसत्त्व तळाला गेलेलं असतं. त्याच्याशिवाय साखर चढवली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते आणि नवीन आठवणी साठवण्याची ताकदच जाऊ शकते.

मग प्रश्न आला औषधाचा. न्यायालयाच्या आदेशात 'दारू प्यायल्यास त्रास होईल असं औषध', म्हणजे डायसल्फिराम, सुचवलेलं होतं. जुनं, ओळखीचं, आणि न्यायाधीशांना समजावायला सोपं. पण ते यकृतालाच इजा करू शकतं. यकृततज्ज्ञांनी नकार दिला आणि न्यायालयाला तसं लेखी कळवलं. दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोनही यकृताचे आकडे खाली येईपर्यंत नको, असं ठरलं. उरलं अ‍ॅकॅम्प्रोसेट, दारूपासून दूर राहायला मदत करणारं दुसरं औषध. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, आणि विलासची मूत्रपिंडं ठणठणीत होती. अडचण एकच: दिवसातून तीनदा दोन-दोन गोळ्या, म्हणजे रोज सहा.

यकृताचा कडकपणा मोजणारी इलास्टोग्राफी मुद्दाम सहा आठवडे पुढे ढकलली. दारू नुकती सुटलेली असताना यकृत सुजलेलं असतं आणि आकडा फुगून येतो. त्या फुगलेल्या आकड्यावरून एखाद्याला सिरोसिस झालाय असं सांगून टाकलं, की तो 'आता काय उरलंय' म्हणून पुन्हा बाटलीकडे वळतो. सहा आठवड्यांनी आकडा आला 10.8 किलोपास्कल. तंतुमयता, म्हणजे यकृतात व्रणासारखे तंतू साचणं, बरीच पुढे गेलेली असण्याची दाट शक्यता, पण सिरोसिस म्हणण्याइतकं नाही. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, "इथून परत फिरता येतं. आणखी थोडं पुढे गेलात तर येणार नाही." आमच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा हे वाक्य त्याच्यावर जास्त काळ टिकलं.

समुपदेशनात बाईंनी वाद घालायचा नाही असं ठरवलं होतं. "तुम्ही बेवडे आहात, कबूल करा" हा सूर विलासने जनजागृती वर्गात ऐकलेला होता आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं: मी काम चुकवत नाही, घर चालवतो, मग बेवडा कसा? त्याऐवजी बाईंनी रक्ताचे रिपोर्ट त्याच्या हातात दिले आणि विचारलं, "यातला कुठला आकडा तुम्हाला खटकतो?" त्याने प्लेटलेटवर बोट ठेवलं. विजेच्या कामात हाताला कापणं रोजचंच, आणि हल्ली रक्त लवकर थांबत नाही हे त्याच्या लक्षात आलेलं होतं.

निर्णयाचा क्षण: सोमवारची नोंद

इंटरलॉक बसल्यावर पहिले दोन महिने नोंदवही स्वच्छ होती. मग एका सोमवारी सकाळी 7.05ला यंत्राने गाडी अडवली: 38 मिलिग्रॅम. 8.40ला पुन्हा फुंकलं, पातळी मर्यादेखाली आलेली, गाडी सुरू झाली. पुढच्या पाच आठवड्यांत असे तीन सोमवार झाले.

यंत्र पुरवणाऱ्यांच्या मासिक अहवालात हे 'गाडी रोखली, नियमभंग नाही' या रकान्यात जमा होतं. कागदोपत्री ते बरोबरच, कारण तो पिऊन गाडी चालवत नव्हता, यंत्राने त्याला चालवू दिलं नव्हतं. पण सकाळची ही अडवणूक सगळ्यात गंभीरपणे घ्यायची असते. इंटरलॉकच्या नोंदींचा अभ्यास करणाऱ्यांना अनेक वर्षांपूर्वीच दिसलं आहे, की ज्याच्या फसलेल्या चाचण्या जास्त, तो यंत्र काढल्यावर पुन्हा सापडण्याची शक्यता जास्त. सकाळी सातला 38 म्हणजे मध्यरात्री दीडशेच्या आसपास. "दोनच घेतले होते, मॅडम" हे गणितात बसत नव्हतं.

बाईंनी औषधाच्या पट्ट्या मागवल्या. सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या संपत होत्या, दुपारच्या जशाच्या तशा शिल्लक. कामावर चारचौघांत गोळ्या काढायची त्याला लाज वाटत होती. यकृताचे आकडे तोवर बरेच उतरले होते, म्हणून डॉक्टरांनी महिन्यातून एकदा घ्यायचं नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन सुरू केलं. लाजेवर औषध नसतं, पण दुपारची गोळी रद्द करता येते.

सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच नोंदवहीत नऊ दिवस कोरे आले. चाचणी फसलेली नाही, दिलेलीही नाही. गाडी नऊ दिवस सुरूच झाली नव्हती. पण कामाची हजेरी पूर्ण. बाईंनी साधा प्रश्न विचारला, "गाडी दारात उभी, मग कामावर जाता कसे?" बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "धाकट्या भावाची मोटारसायकल आहे." त्या मोटारसायकलीला यंत्र नव्हतं, आणि आदेशाप्रमाणे यंत्र नसलेलं वाहन त्याने हाताळायचंच नव्हतं.

आता कळवायचं की नाही? विश्वास ठेवून त्याने सांगितलं होतं. आम्ही कळवलं तर पुढच्या वेळी तो तोंड उघडणार नाही, ही भीती होती. न कळवावं तर उद्या मोटारसायकलीखाली कुणी सापडलं की तो विश्वास काय कामाचा? इथे पहिल्या दिवशीचा कागद उपयोगी पडला. त्यात 'गाडीबाबत झालेला नियमभंग न्यायालयात जाणार' असं लिहिलेलं होतं आणि खाली त्याची सही होती. बाईंनी अहवाल लिहिला, तो आधी त्यालाच वाचून दाखवला आणि त्याच्यासमोर पाठवला. त्याला राग आला, पण त्याचा विश्वासघात झाला असं त्याला वाटलं नाही. या दोन्हींत फरक आहे, आणि तोच आम्हाला राखायचा होता.

सोबत शिफारसही होती: मोठी शिक्षा लांबणीवर टाकण्यापेक्षा छोटी शिक्षा ताबडतोब द्यावी. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात 2005 साली सुरू झालेल्या '24/7 सोब्रायटी' कार्यक्रमाचं तत्त्व हेच. दिवसातून दोनदा श्वासतपासणी, आणि फसली की लगेच एक-दोन दिवस कोठडी. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या कार्यक्रमानंतर तिथल्या काउंटींमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, पिऊन गाडी चालवल्याबद्दलच्या पुन्हा होणाऱ्या अटका 12 टक्क्यांनी घटल्या. 2016च्या अभ्यासात प्रौढांच्या एकूण मृत्यूंमध्येही सुमारे चार टक्के घट दिसली. रस्त्यासाठी आखलेला कार्यक्रम आरोग्यालाही लागू पडला, याची मोठ्या प्रमाणावर मिळालेली उदाहरणं फार नाहीत, म्हणून हे महत्त्वाचं.

न्यायाधीशांनी दोन रात्री कोठडी आणि 90 दिवस सकाळ-संध्याकाळ तपासणी असा आदेश दिला. कोठडीआधी डॉक्टरांनी त्याला तपासलं. या वेळी आकडीचा धोका नव्हता. त्या तीन महिन्यांत एकही चाचणी फसली नाही.

जे कुणी विचारलं नव्हतं

सातव्या महिन्यापर्यंत विलासची दारू बंद होती आणि तब्येत मात्र खराब. झोप तीन तास. चिडचिड. वजन वाढलेलं. दिवसाला पाचावर असलेल्या सिगारेटी विसावर गेलेल्या. दारू सुटल्यावर झोपेची घडी बसायला कित्येक महिने लागतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो समजत होता, दारू सोडल्यानेच आजारी पडलोय. बाहेरच्या एका डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली होती, बेंझोडायझेपिन गटातली. म्हणजे मेंदूच्या ज्या कुलपाला दारूची किल्ली लागत होती, त्याच कुलपाची दुसरी किल्ली. ती वेळीच थांबवली.

झोपेबद्दल खोदून विचारताना स्वप्नाचा विषय निघाला. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या शेजारी उभा असलेला सहकारी विजेच्या धक्क्याने गेला होता. पुढच्याच वर्षी विलास पहिल्यांदा सापडला. आठ वर्षांत दंड झाला, वर्ग झाला, परवाना गेला, पण हा प्रश्न कुणाच्याच अर्जात नव्हता. वारंवार सापडणाऱ्यांमध्ये नैराश्य, आघातोत्तर ताण आणि इतर मानसिक आजार सर्वसाधारण लोकांपेक्षा बरेच जास्त आढळतात, आणि त्यांच्यासाठीचे कार्यक्रम बहुतेक वेळा फक्त दारूबद्दल विचारतात. आघातावरचे उपचार आठव्या महिन्यात सुरू झाले. ते पहिल्या महिन्यात सुरू झाले असते तर सोमवारच्या नोंदी टळल्या असत्या का, याचं उत्तर देता येत नाही. पण विचारायला दोन मिनिटं लागली असती.

यंत्र काढायचं केव्हा

आदेशात 18 महिने होते. चौदाव्या महिन्यात एक चाचणी फसली होती, आईच्या आजारपणाच्या दिवसांत, आणि ती त्याने स्वतःहून त्याच दिवशी फोन करून कळवली होती. तारखेप्रमाणे यंत्र काढायचं, की शेवटचे सहा महिने निर्मळ गेल्यावरच काढायचं? आम्ही दुसरं सुचवलं आणि त्याने कुरकुरत मान्य केलं. म्हणजे 20 महिने.

या वेळी निर्णयाला दुसऱ्या फाइलीचा आधार होता. एमसीव्ही पाचव्या महिन्यातच जागेवर आलं होतं. लाल पेशींचं आयुष्य सुमारे 120 दिवसांचं, त्यामुळे याला वेळ लागतोच. फॉस्फटिडिलइथेनॉल, म्हणजे पेथ, या रक्तचाचणीत मागच्या दोन ते चार आठवड्यांतलं पिणं दिसतं. सुरुवातीला तिचा आकडा मिलिलिटरला 940 नॅनोग्रॅम होता. 200च्या पुढे गेलं की भरपूर पिणं समजतात. यंत्र काढण्याआधी महिन्याच्या अंतराने दोनदा केली, दोन्ही वेळा 20च्या खाली. फक्त गाडीवर बसल्यावर कोरडा असलेला माणूस या चाचणीत सापडतो.

निष्पत्ती

चार वर्षांत विलास पुन्हा पकडला गेलेला नाही. मधल्या काळात दोनदा घसरला, एकदा चार दिवस आणि एकदा एक रात्र, दोन्ही वेळा घरातून फोन आला आणि तो स्वतः दवाखान्यात गेला. यकृताचा कडकपणा वर्षाने 8.1 आणि तिसऱ्या वर्षी 7.2 झाला. प्लेटलेट 1,58,000. रक्तदाब एका गोळीवर 130च्या आसपास. पायाच्या मुंग्या थांबल्या, बधिरपणा राहिला. वाटा लांब असलेल्या नसा भरून यायला फार वेळ घेतात, काही पूर्ण भरत नाहीत.

आणि तिसऱ्या वर्षी गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा निघाला. तुकडा काढून तपासला, पेशींमध्ये सौम्य बदल. कर्करोग नाही, पण दर काही महिन्यांनी दाखवावं लागतं. अल्कोहोलचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच निश्चित कर्करोगकारकांमध्ये केला आहे, आणि तोंड-घशाच्या बाबतीत तंबाखूची जोड मिळाली की धोका नुसता वाढत नाही, गुणिला जातो. दारू सोडण्याच्या धांदलीत सिगारेटींकडे 'तेवढं तरी राहू दे' म्हणून काणाडोळा झाला. बहुतेक कार्यक्रमांत होतो. दोन्ही एकदम सोडल्याने दारू परत सुरू होते ही जुनी समजूत आहे, पुरावा उलट बाजूला झुकतो. आता तो सिगारेटीवरही उपचार घेतोय, सहावर आलाय.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

वैद्यकीय तपासणी शिक्षेच्या आधी व्हावी, नंतर नाही. आकडीचा इतिहास अटकेच्या दिवशीच विचारावा. घरात, शेजारी आणि कामावर मिळून कुणाकुणाच्या गाड्या हाताला लागतात, याची यादी इंटरलॉक बसवतानाच करावी. आम्ही फक्त त्याच्या नावावरची गाडी विचारली होती. झोप, आघात आणि तंबाखू पहिल्या आठवड्यातच नोंदवावेत. निवासी उपचारांचा प्रश्न मी उघडाच ठेवतो. नोकरी टिकली हे खरं, पण पहिल्या वर्षी पत्नीने जे सोसलं ते आमच्या कुठल्याच तक्त्यात नाही.

शेवटची गोष्ट इतकी उघड होती की ती सुटली. 20 महिने आम्ही तपासत होतो, हा माणूस शुद्धीत गाडी चालवतो का. शुद्धीत असताना त्याला गाडी चालवता येते का, हे कुणी पाहिलं नव्हतं. यंत्र काढायच्या आठवड्यात डॉक्टरांनी 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क त्याच्या अंगठ्यावर टेकवला. त्याला कंप जाणवला नाही, घोट्यापर्यंत नाही. म्हणजे ब्रेकवर पाय नेमका किती दाबलाय, हे त्याला पायाकडून कळत नव्हतं. प्रशिक्षकासोबत रस्त्यावर चाचणी झाली. दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर तो ठीक चालवतो. अंधारात किंवा लांबच्या प्रवासात चुका वाढतात. परवाना त्या मर्यादेसह परत मिळाला. मालकाने त्याला फिरतीवरून काढून कार्यशाळेत घेतलं, नव्या मुलांना शिकवायला. ट्यूनिंग फोर्कची तपासणी आता आमच्या पहिल्या भेटीच्या अर्जात आहे, ऑडिटच्या खालच्या ओळीत.